जुना डेस्कटॉप: आधी नाटकं वाचवा, मग डिस्क बदला

वाचकाचं पत्र:

मी सांगलीच्या गावभागात राहते. प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. घरी २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. आय-थ्री ४१५०, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबलं की चहा होऊन पिऊनही होतो, तेव्हा कुठे तो चालू होतो. लाईट गेली की तारीख मागे जाते. शाळेच्या गॅदरिंगसाठी मी लिहिलेली सगळी बालनाट्यं त्यात श्रीलिपीत टाइप केलेली आहेत, शिवाय घरचे फोटो. २०१९च्या पुरात तो माडीवर नेला म्हणून राहिला. आता दुकानदार म्हणतात, यात पैसे घालू नका, नवीनच घ्या. पुण्याचा भाचा म्हणतो, सोळा जीबी रॅम टाक, पळेल. शेजारी म्हणतात, लॅपटॉप घ्या. मला टायपिंग, ईमेल, लाईटबिल, शेताचा सातबारा, यूट्यूबवर जुनी नाटकं आणि नातीशी व्हिडिओ कॉल एवढंच करायचंय. प्रिंटर कॅनन एलबीपी २९०० आहे, चांगला चालतो, तो टाकवत नाही. काय करू?

नमस्कार बाई,

तिघांनीही तुमच्या काळजीपोटीच सांगितलंय, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तिघांच्याही नजरेतून सुटली. ती म्हणजे तुमची नाटकं. कॉम्प्युटर बाजारात कधीही मिळेल. ती नाटकं दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि ज्या डिस्कवर आहेत ती दहा वर्षांहून जास्त काळ फिरतेय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावातल्या एका बाईंनी मुलांसाठी लिहिलेलं असं एका यांत्रिक भागाच्या भरवशावर राहू नये. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी घरी एक काम करा.

सगळ्या फाइली आणि फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या. एक प्रत बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर, दुसरी पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर. फक्त पेन ड्राइव्हवर विसंबू नका, तो हरवतोही आणि अचानक बंदही पडतो. दोन्ही प्रती एकाच घरात ठेवू नका. एक पुण्याला भाच्याकडे जाऊ द्या. २०१९ आणि २०२१चे पूर पाहिलेल्या गावभागातल्या माणसाला याचं कारण सांगायला नको.

श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममधल्या फाइलींना मात्र नुसती कॉपी पुरत नाही. त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात. फाइलीत प्रत्यक्षात साठतात ती इंग्रजी चिन्हं, आणि पडद्यावर मराठी दिसते ती फॉन्टमुळे. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की सगळा मजकूर अगम्य दिसतो. बरेच लोक नवीन मशीन घेतात, जुनं देऊन टाकतात आणि मग घाबरून फोन करतात की फाइली खराब झाल्या. फाइली शाबूत असतात, फॉन्ट गेलेला असतो. तेव्हा आत्ता, श्रीलिपी चालू आहे तोवर, एकेक नाटक उघडा आणि प्रिंटच्या खिडकीत कॅननऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडून त्याची पीडीएफ करून ठेवा. विंडोज १० मध्ये ही सोय आधीपासून असते. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार फाइलीतच बसतात, त्यामुळे ती मोबाइलवरही जशीच्या तशी वाचता येते. शिवाय कंट्रोल पॅनलमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरमधून श्रीलिपीचे फॉन्टही कॉपी करून ठेवा.

पुढे सवडीने ती नाटकं युनिकोडमध्ये आणायला हवीत. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो मजकूर कुठल्याही कॉम्प्युटरवर, फोनवर, ईमेलमध्ये मराठीच दिसतो. जुन्या फॉन्टमधून युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात. ते बरंच काम करतात, पण जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे हमखास गडबड होते. ‘र्‍या’ची अक्षरं तर डोळ्यांनीच तपासावी लागतात. एका वेळी एक नाटक घ्या, शेजारी पीडीएफ उघडी ठेवा आणि वाचत जा. इतकी वर्षं वह्या तपासलेल्या नजरेला हे जड जाणार नाही.

आता वेगाकडे वळू. सकाळी कॉम्प्युटर चालू केल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर, तुमचा आय-थ्री), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क असे आलेख असतात. तुमच्या वर्णनावरून मला खात्री वाटते की सुरुवातीची कितीतरी मिनिटं डिस्क शंभर टक्क्यांना टेकलेली दिसेल आणि सीपीयू बऱ्यापैकी रिकामा असेल. म्हणजे तुमचा आय-थ्री थकलेला नाही, तो वाट बघत बसलेला असतो.

कशाची वाट? हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरते आणि एक बारीक सुई त्यावर पुढेमागे सरकून माहिती वाचते. प्रत्येक नव्या जागी पोचायला सुईला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आठ-दहापट वेळ लागतो. ऐकायला हा वेळ क्षुल्लक आहे. पण विंडोज चालू होताना वेगवेगळ्या जागी विखुरलेले हजारो छोटे तुकडे वाचावे लागतात, आणि तिथे मिनिटं जातात. हार्ड डिस्कच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपमध्ये साठतं. हव्या त्या तुकड्यापर्यंत पोचायला तिला हार्ड डिस्कच्या शंभराव्या हिश्शाइतकाच वेळ लागतो. म्हणून पहिला खर्च एसएसडीचा. जुन्या मशीनमध्ये एवढा फरक पाडणारा दुसरा भाग नाही.

भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रॅम म्हणजे चालू काम तात्पुरतं ठेवायची जागा, आणि ती चार जीबी आज कमीच पडते. क्रोममध्ये चार-पाच पानं उघडली की ती भरते, आणि भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. म्हणजे रॅमची अडचणही शेवटी त्याच मंद डिस्कवर येऊन पडते. पण तुमच्या कामाला आठ जीबी पुष्कळ झाली. सोळा जीबीचा उरलेला भाग नुसता पडून राहील, आणि त्यातला एक रुपयाही पुढच्या कॉम्प्युटरला उपयोगी पडणार नाही. तुमच्या मदरबोर्डाला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीला, डीडीआर-थ्री प्रकारची रॅम लागते. नंतरच्या मशीनना डीडीआर-फोर किंवा फाइव्ह लागते, आणि त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असल्याने एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही. एसएसडी मात्र उद्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये तशीच लावता येते. जुन्या मशीनवर खर्च करताना मी नेहमी हे आधी बघतो: हा भाग पुढे माझ्याबरोबर येणार आहे का? येणार असेल तर मनासारखा घ्यावा. येणार नसेल तर गरजेपुरताच.

दुकानात काय मागायचं ते चिठ्ठीवर लिहून न्या. एसएसडी: अडीच इंची, साटा, पाचशे जीबीची. आता दुकानात एनव्हीएमई नावाची च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एसएसडी जास्त खपते. ती तुमच्या बोर्डावर लागणार नाही, ती बसवायची खोबणच त्या काळच्या साध्या बोर्डांवर नसते. रॅम: डीडीआर-थ्री, डेस्कटॉपची लांब पट्टी, चार जीबी, १६०० मेगाहर्ट्झ. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती चुकून आणू नका. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत तेही दिसतं. दोनपैकी एकच भरलेला असेल तर आहे ती पट्टी ठेवून दुसरी जोडता येईल. दोन्ही भरले असतील तर त्या पट्ट्या काढून चार-चार जीबीच्या दोन घ्याव्या लागतील.

डीडीआर-थ्री नवीन मिळेनाशी होत चालली आहे, म्हणून वापरलेली घ्यायला हरकत नाही. रॅममध्ये झिजणारं काही नसतं. लावल्यावर विंडोजमधलीच मेमरी डायग्नोस्टिकची चाचणी दुकानात चालवून घ्या, म्हणजे झालं. वापरलेली एसएसडी मात्र अजिबात घेऊ नका, कारण तिच्यावर लिहिण्याला मर्यादा असते आणि आधीच्या मालकाने ती किती वापरली ते तुम्हाला सहज कळणार नाही. नवीन घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहिलेला आहे ना ते बघा, वॉरंटी त्यावरच मिळते. २०२५च्या शेवटी मेमरीचे भाव चढले, कारण मोठमोठ्या डेटा सेंटरांनी चिप उचलायला सुरुवात केली. तेव्हा दोन-तीन दुकानांत विचारूनच ठरवा.

एक तपासणी राहिली. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथे अबाउट, तिथे ‘सिस्टीम टाइप’ बघा. ३२ बिट लिहिलेलं असेल तर वाढवलेली रॅम दिसणारच नाही, कारण ते विंडोज चार जीबीच्या पुढची मेमरी वापरू शकत नाही. त्या काळी दुकानांतून असं विंडोज सर्रास टाकून दिलं जाई. तसं निघालं तर ६४ बिटचं नव्याने टाकावं लागेल.

६४ बिट असेल तर नव्याने टाकायचं की जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करून घ्यायची? एरवी मी नव्याने टाका असंच सांगतो, इतक्या वर्षांचा कचरा निघून जातो. तुमच्या बाबतीत मी नक्कल करून घ्या म्हणेन, कारण श्रीलिपीची सीडी आणि तिचं लॉक (ती चालू करायला लागणारी किल्ली) आज तुमच्या हाताशी असेलच असं नाही, आणि नाटकं युनिकोडमध्ये येईपर्यंत ती श्रीलिपी चालू राहायला हवी. मात्र त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची तब्येत बघून घ्यायला सांगा. निळ्या रंगात ‘गुड’ आलं तर नक्कल करता येईल. पिवळ्या रंगात ‘कॉशन’ आलं किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर आणखी काहीही करण्याआधी कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढून घ्यायचे आणि विंडोज नव्याने टाकायचं.

हे काम तासा-दोन तासांचं आहे. शक्यतो तिथे बसून करून घ्या. मशीन ठेवून यावंच लागलं तर ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे पासवर्ड आधी काढून टाका. जुनी हार्ड डिस्क परत घ्यायला विसरू नका, ती तुमची आहे आणि तिच्यात तुमचं घर आहे. घरी आणून कोरड्या जागी ठेवून द्या, नाटकांची तिसरी प्रत म्हणून.

तारीख मागे जाते ते अगदी किरकोळ दुखणं आहे. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखी गोल, सीआर २०३२ नावाची तीन व्होल्टची बॅटरी असते, ती संपली आहे. घड्याळाच्या दुकानातही मिळते. पण तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. तारीख चुकली की बँकेच्या आणि सरकारी साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, आणि लोक इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात. कॅबिनेट उघडलं आहे तोवर धूळ झाडून घ्या, प्रोसेसरवरच्या पंख्याखालची पेस्ट नवीन लावून घ्या. आणि बोर्डावरचे गोल डबीसारखे कपॅसिटर वरून फुगलेत का ते बघायला सांगा. फुगलेले असतील तर तिथेच थांबा, एकही भाग विकत घेऊ नका. त्या बोर्डावर खर्च करण्यात अर्थ नाही, आणि मग दुकानदारांचं म्हणणं खरं ठरेल. माझी स्वतःची मर्यादा अशी आहे की जुन्या मशीनवरचा एकूण खर्च नव्याच्या चौथ्या हिश्शावर जायला लागला की हात आखडायचा.

वेगळं ग्राफिक्स कार्ड कुणी सुचवलं तर नको म्हणा. तुमच्या आय-थ्रीमध्ये आहे ते जुन्या नाटकांच्या व्हिडिओंना पुरतं. यूपीएसची बॅटरी मात्र लाईट जाताक्षणी मान टाकत असेल तर बदला. वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की वीजेचा प्लग काढता तशी इंटरनेटची वायरही काढत जा, त्या वाटेनेही बोर्ड जळतात.

विंडोजबद्दल सविस्तर बोलायला हवं. विंडोज १०चं नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलं. विंडोज ११ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुमचा ४१५० चौथ्या पिढीचा आहे, नंबरातला पहिला ४ तेच सांगतो. काही जण अटी चुकवून विंडोज ११ टाकून देतात. चालतं ते, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि एखाद्या मोठ्या अपडेटला सगळं अडलं तर निस्तरायला तुम्हालाच कुणीतरी शोधावं लागेल. तुमच्यासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करून दिलेलं चोरीचं विंडोज तर मुळीच नको. ते चालवण्यासाठी बऱ्याचदा सुरक्षा बंद केलेली असते, आणि त्याच मशीनवरून तुम्ही पेन्शनचं खातं बघणार. तुमचं विंडोज १० अधिकृत असेल तर त्याचं लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं असतं. डिस्क बदलली म्हणून ते पुन्हा विकत घ्यावं लागत नाही, हे दुकानात ठामपणे सांगा.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिली आहे, तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. विंडोज १०ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं असलं की सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणी करता येते. ती करून घ्या. नाटकं युनिकोडमध्ये आणायला तेवढा अवधी हाताशी धरा.

त्यानंतर दोन रस्ते आहेत. पहिला, याच मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली. ते मोफत आहे, आठ जीबी आणि एसएसडीवर छान चालतं, अपडेट मिळत राहतात, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही चालतात, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतो. पेन ड्राइव्हवरून ते काहीही न बदलता आधी चालवून पाहता येतं. दोन अडचणी मात्र नीट समजून घ्या. श्रीलिपी त्यावर चालणार नाही, म्हणून नाटकांचं काम आधी संपायला हवं. आणि तुमचा एलबीपी २९०० लिनक्सवर बसवणं चांगलंच खटपटीचं आहे. त्या एका प्रिंटरपायी कितीतरी लोक मिंट टाकून परत विंडोजवर आलेत. विंडोज ११वर तो चालतो.

दुसरा रस्ता, मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून बाहेर निघणारा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून पुन्हा विकला जाणारा, डेस्कटॉप. त्यावर विंडोज ११ रीतसर चालतं, आणि तुमची आत्ता घेतलेली एसएसडी, कीबोर्ड, यूपीएस आणि प्रिंटर सगळं त्याला लागतं. मॉनिटर जुना निळ्या पिनेचा असेल तर एक कन्व्हर्टर घ्यावा लागू शकतो. प्रिंटरवर तुमचा जीव आहे हे पत्रातून कळलंच, तेव्हा मला वाटतं तुम्ही शेवटी या दुसऱ्या रस्त्यानेच जाल. आज कोरं मशीन घेण्याची मात्र तुम्हाला गरज नाही.

लॅपटॉपचं विचाराल तर बसून लांब मजकूर टाइप करणाऱ्या माणसाला मी डेस्कटॉपच सुचवीन. पडदा डोळ्यांसमोर राहतो, मान वाकत नाही, आणि एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

नातीशी बोलण्यासाठी डेस्कटॉपला कॅमेरा नसतो, तो वेगळा घ्यावा लागेल. यूएसबीचा, माइक आतच असलेला साधा वेबकॅम घ्या आणि मॉनिटरवर मधोमध लावा. खिडकी पाठीमागे नको, समोर असू द्या, म्हणजे तिला तुमचा चेहरा नीट दिसेल.